अनोळखी ब्रोमेलियाडचं नाव कोण सांगतं? फोनमधली अ‍ॅप्स, आंतरराष्ट्रीय नोंदवही आणि दहा पटीचं भिंग

आंब्याखाली किंवा कुंपणाच्या कडेला वर्षानुवर्षं पसरत गेलेला एक गठ्ठा असतो. रुंद, हिरवी, चिवट पानं असतात, मधोमध पाण्याने भरलेला पेला असतो आणि एके सकाळी त्या पेल्यातून लाल-गुलाबी फुलोरा वर आलेला दिसतो. आठ-दहा दिवसांत तो कोमेजतो आणि गठ्ठा पुन्हा हिरवा. घरातलं कुणी त्याला शोभेचं अननस म्हणतं, नर्सरीवाला नुसतं ‘ब्रोमेलिया’ म्हणतो आणि फोन दर वेळी वेगळं नाव सांगतो.

अशा झाडाचं नाव शोधायला आज तीन साधनं सहज हाताशी आहेत: फोटो बघून नाव सांगणारी अ‍ॅप्स, ब्रोमेलियाडच्या, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडांच्या, अभ्यासकांनी चालवलेल्या मोफत नोंदवह्या आणि फोटोसंग्रह, आणि जवाहिऱ्यांकडे असतं तसं दहा पटीचं छोटं भिंग. तिन्हींची परीक्षा एकाच झाडावर करता येते, म्हणून इथे वर सांगितलेला गठ्ठाच समोर ठेवला आहे. निकाल आधीच सांगतो. अ‍ॅप तुम्हाला प्रजातीपर्यंत, म्हणजे बिलबर्गिया, एक्मिया, गुझमानिया इथपर्यंत, बऱ्यापैकी नेतं. त्या प्रजातीतली नेमकी जाती ठरते ती फूल उघडून भिंगाखाली बघितल्यावर. आणि संकरित वाणाचं नाव फक्त लेबलावरून आणि नोंदवहीवरून ठरतं, रूपावरून कधीच नाही.

पण त्याआधी हे झाड ब्रोमेलियाड आहे का, हे बघायला हवं. इथेच बऱ्याच जणांची पहिली चूक होते. आपल्याकडे रिओ, घायपात, केवडा, ड्रॅसिना अशी पानांचा झुबका करणारी बरीच झाडं बागेत असतात. रिओचं पान मऊ, खालून जांभळं आणि मोडलं की पाणचट रस येतो. घायपाताचं पान जाड, गरयुक्त आणि टोकाला खिळ्यासारखा काटा. केवड्याच्या पानाला कडांवर काटे असतातच, शिवाय खालच्या बाजूला मधल्या शिरेवरही असतात. ब्रोमेलियाडच्या पानाला काटे असले तर ते कडेला, फार तर टोकाला, मधल्या शिरेवर नाहीत. पेला करणाऱ्या जातींत पानांचे बुंधे रुंद होऊन एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की पाणी झिरपत नाही. शेवटची खूण भिंगाखाली दिसते. पानाच्या खालच्या बाजूला बारीक, चंदेरी, टिकलीसारखे खवले ओळीने बसलेले असतात. या खवल्यांतून बरीच ब्रोमेलियाड पाणी आणि अन्नद्रव्यं शोषतात. काही जातींच्या पानांवर जे राखाडी पट्टे दिसतात, तेही हेच खवले दाट झाल्यामुळे. ओल्या बोटाने पुसले की एक्मिया फॅसिएटाचे चंदेरी पट्टे कायमचे जातात, म्हणून त्या पानांना हात लावू नये.

या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि एक पश्चिम आफ्रिकेतली जाती सोडली, तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. म्हणजे आपल्या बागेतलं प्रत्येक ब्रोमेलियाड कुणीतरी आणलेलं आहे. सगळ्यात जुना पाहुणा अननस. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो भारतात आणला आणि ‘अननस’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत दक्षिण अमेरिकेतल्या भाषेतून आपल्याकडे आला. शोभेचे बाकीचे प्रकार मागाहून आले, बहुतेक वेळा लेबलाशिवाय, बुंध्याशी फुटणारी पिल्लं वाटत-वाटत. ओळख अवघड होते ती यामुळेच.

आता अ‍ॅप्स. प्लांटनेट हा फ्रान्समधल्या सार्वजनिक संशोधन संस्थांचा उपक्रम, अ‍ॅप २०१३ पासून. गूगल लेन्स २०१७ पासून. आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. याखेरीज पैसे घेऊन चालणारी बरीच अ‍ॅप्स आहेत. या सगळ्यांचा गाभा एकच. लाखो नाव दिलेल्या फोटोंवरून यंत्राने शिकलेलं असतं आणि तुमच्या फोटोशी सगळ्यात जास्त जुळणारी नावं ते क्रमाने मांडतं.

पहिली अडचण इथेच आहे. अ‍ॅपला जी नावं माहीत आहेत त्यांतलंच एखादं ते देऊ शकतं. तुमचं झाड दोन जातींचा संकर असेल आणि तो संकर त्याच्या यादीत नसेल, तर ‘यादीत नाही’ असं उत्तर येत नाही. जवळचं नाव येतं, आणि त्यापुढे टक्केवारीही येते. ७० टक्के म्हणजे ‘हे झाड ७० टक्के खात्रीने हेच’ असा अर्थ लावू नका. मला माहीत असलेल्या नावांत हे सगळ्यात जवळचं वाटलं, एवढंच ते सांगतंय. बागांतली ब्रोमेलियाड मोठ्या प्रमाणावर संकरित असल्यामुळे या कुळात ही गफलत इतर झाडांपेक्षा जास्त होते.

दुसरी अडचण रंगाची. वरून काढलेल्या फोटोत मधोमध लाल आणि भोवती हिरवी पानं दिसली की निओरेगेलिया, गुझमानिया आणि कळीतलं बिलबर्गिया, तिन्ही सारखीच दिसतात. वर या कुळात पानांचा रंग उजेडावर अवलंबून असतो. निओरेगेलिया ‘फायरबॉल’ हे छोटं झाड चांगल्या उन्हात लालभडक होतं, सावलीत साधं हिरवं राहतं. एकाच गठ्ठ्यातली उन्हाकडची आणि भिंतीकडची पिल्लं दोन वेगळ्या वाणांची वाटावीत इतका फरक पडतो. फोटोवरून शिकलेल्या यंत्राला हे कळायला मार्ग नाही.

म्हणून अ‍ॅप वापरायचं तर असं वापरा. वरून काढलेला एकच सुंदर फोटो देऊ नका. प्लांटनेटवर एकाच झाडाचे अनेक फोटो एकत्र देता येतात आणि प्रत्येक फोटो पानाचा, फुलाचा की फळाचा, हे सांगता येतं. ती सोय जरूर वापरा. फुलोरा बाजूने, एक सुटं फूल जवळून आणि पानाची कड, हे तिन्ही फोटो दिले की उत्तर बरंच सुधारतं. सकाळच्या सावलीत, फ्लॅशशिवाय काढा. मागे राखाडी किंवा काळा कागद धरला तर रंग खरे येतात. आणि उत्तरातलं फक्त पहिलं नाव बघू नका. पहिली पाच नावं वाचा. पाचपैकी चार बिलबर्गिया असतील तर प्रजाती जवळपास ठरली. पाच नावं पाच प्रजातींतली असतील तर अ‍ॅपला काहीच कळलेलं नाही असं समजा, पहिल्या नावापुढे कितीही टक्के असले तरी.

आयनॅचरलिस्टबद्दल एक सूचना. तिथे लावलेल्या झाडाची नोंद करताना ते ‘लावलेलं’ आहे असं सांगावं लागतं आणि तसं सांगितलं की नोंद ‘प्रासंगिक’ (कॅज्युअल) वर्गात जाते. जाणकारांचं लक्ष मुख्यतः रानातल्या नोंदींकडे असल्यामुळे बागेतल्या झाडाकडे फार कमी जण बघतात. ही त्या व्यवस्थेची चूक नव्हे, ती मुळात रानातल्या निसर्गाच्या नोंदींसाठीच बांधली आहे. पण तिथे नोंद टाकून उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. लावलेलं झाड रानातलं म्हणून नोंदवणं तर अजिबात नको. त्याने सगळ्यांचाच विदा (डेटा) बिघडतो.

अ‍ॅप्सना पाचपैकी अडीच. प्रजातीसाठी चार दिले असते, जातीसाठी दोन आणि वाणासाठी शून्य.

आता भिंग. हे साधन स्वस्त आहे आणि या कामात सगळ्यात जास्त भरवशाचंही. दोन-तीनशे रुपयांत दहा पटीचं घडीचं भिंग मिळतं. वीस-तीस पटीचं घेऊ नका. त्यात दिसणारा भाग इतका छोटा असतो आणि अंतर इतकं कमी लागतं की फूल हातात धरून बघता येत नाही. सोबत नवं ब्लेड, टोकदार चिमटा, मिलिमीटरच्या खुणांची फूटपट्टी आणि काळा कागद.

काम पानाच्या कडेपासून सुरू करा. बोट हलकेच कडेवरून दोन्ही दिशांनी फिरवा. कड अगदी गुळगुळीत असेल तर झाड गुझमानिया, व्रीसिया किंवा टिलँडसियाच्या गटातलं. बारीक का होईना दाते लागले तर बहुधा अननसाच्या गटातलं, म्हणजे बिलबर्गिया, एक्मिया, निओरेगेलिया, क्रिप्टँथस वगैरे. दाते डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असू शकतात, म्हणून भिंगाखाली कड बघितल्याशिवाय ‘गुळगुळीत’ असा शेरा मारू नये. अपवादही आहेत. एक्मिया फॅसिएटाचा ‘प्रिमेरा’ हा बाजारी वाण मुद्दाम बिनकाट्याचा निवडलेला आहे. तेव्हा कड हा पहिला पुरावा झाला, शेवटचा नव्हे.

खरा पुरावा फुलात असतो. ताजं उमललेलं फूल सकाळीच घ्या, कारण पेल्यात फुलणाऱ्या कित्येक जातींची फुलं दुपारपर्यंत मिटतात. देठाकडून टोकाकडे ब्लेडने सरळ उभा काप द्या आणि दोन्ही अर्धुकं काळ्या कागदावर उघडी ठेवा. ब्रोमेलियाडच्या फुलात सगळं तीनच्या हिशेबात असतं: तीन निदलं (कळीला बाहेरून झाकणारी दलं), तीन पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि तीन भागांचा बीजांडकोश (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग). आता बीजांडकोश कुठे आहे ते बघा. निदलं जिथून फुटतात त्याच्या खाली फुगीर भाग असेल, तर अननसाचा गट. फळ गरयुक्त बोरासारखं होणार आणि बिया चिकट. बीजांडकोश निदलांच्या वर, फुलाच्या आत बसलेला असेल आणि कड गुळगुळीत असेल, तर गुझमानिया-टिलँडसियाचा गट. फळ वाळून फुटणार आणि रुईच्या म्हातारीसारख्या केसाळ बिया उडणार. एका कापात अर्धं कुळ बाजूला पडतं. कुठल्याही अ‍ॅपला हे जमत नाही, कारण कुणी त्याला उघडं फूल दाखवतच नाही.

आपल्या गठ्ठ्याकडे वळू. पानाची कड भिंगाखाली बारीक दातेरी निघाली. बीजांडकोश निदलांच्या खाली. म्हणजे गुझमानिया बाद, फोनने कितीही आग्रह केला तरी. फुलोरा पेल्याच्या वर दांड्यावर आलेला आहे, त्यामुळे फुलं पेल्याच्या पाण्यातच ठेवणारं निओरेगेलियाही बाद. निओरेगेलियाचा जवळचा नातलग निड्युलेरियम. त्यातही फुलं घरट्यात असतात, पण त्याभोवती रंगीत सहपत्रांचे (फुलांखालच्या पानांचे) वेगळे पेले असतात आणि पाकळ्या टोकाशी मिटलेल्या, टोपडं घातल्यासारख्या राहतात. तेही इथे जुळत नाही.

उरलं बिलबर्गिया की एक्मिया. नवशिके आणि जाणते दोघेही इथे अडखळतात. निदलाचं टोक बघा. एक्मियाच्या बहुतेक जातींत निदलं टोचणारी, काट्याने संपणारी असतात. एक्मिया हे नावच ग्रीक भाषेतल्या भाल्याच्या टोकावरून आलंय. शिवाय पाकळी सहसा छोटी, एक-दीड सेंटिमीटरची. बिलबर्गियात निदल टोचत नाही आणि पाकळी लांब, बहुधा तीन सेंटिमीटरच्या वर, पुंकेसर बाहेर डोकावणारे. आपल्या फुलात पाकळी साडेचार सेंटिमीटर, लालसर आणि टोकाला जांभळट निळी. एक पाकळी चिमट्याने हळूच ओढून काढली की तिच्या बुडाशी आतल्या बाजूला झालरीसारखे दोन इवले पडदे दिसतात. निओरेगेलियात ते नसतात. मग कुक्षीकडे बघा. बिलबर्गियात तिची तीन पाती दोरीच्या पिळासारखी एकमेकांभोवती गुंडाळलेली असतात. हा पीळ दहा पटीखाली इतका स्वच्छ दिसतो की एकदा बघितलेला विसरत नाही.

प्रजाती ठरली, बिलबर्गिया. आता जाती. दांडा जाड, त्यावर पांढरं पिठासारखं आवरण. फुलोरा लोंबता नाही, उभा आणि गच्च, वरून निमुळता होत गेलेल्या ढिगासारखा. पानं चार-पाच सेंटिमीटर रुंद, एकरंगी हिरवी. सहपत्रं गुलाबी-लाल. हे सगळं बिलबर्गिया पिरॅमिडॅलिसशी जुळतं. मूळ ब्राझीलची ही जाती उष्ण प्रदेशांतल्या जुन्या बागांत सर्वत्र पसरली आहे, कारण ती सावलीत वाढते, पिल्लं भरपूर देते आणि फार काही मागत नाही. पानं गवतासारखी अरुंद आणि फुलोरा मान टाकलेला असता, पाकळ्या हिरव्या आणि कडेला निळी रेघ असती, तर बिलबर्गिया न्यूटान्स म्हटलं असतं. पाकळीच्या टोकाला निळा रंग नसेल आणि बाकी सगळं जुळत असेल, तर घाबरू नका. पिरॅमिडॅलिसचं सबंध लाल पाकळीचं रूपही आहे.

भिंगाला पाचपैकी पाच. उणीव एकच. फूल नसेल तर ते मुकं होतं.

फूल नसेल तर आणता येतं. झाड पूर्ण वाढलेलं हवं, पिल्लू नको. पेल्यातलं पाणी पूर्ण ओता. कुंडीसकट झाड मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सोबत एक पिकलेलं सफरचंद ठेवा, तोंड घट्ट बांधा आणि सात ते दहा दिवस सावलीत ठेवा. उन्हात ठेवलं तर आत झाड शिजतं. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने झाड फुलोऱ्याला लागतं. अननसाची बाग एकाच वेळी फुलवायला इथेफॉन फवारतात त्यामागेही हीच गोष्ट आहे. प्रकारानुसार दीड ते साडेतीन महिन्यांत फुलोरा दिसतो. दोन चुका नेहमीच्या. पेल्यात पाणी ठेवलं तर परिणाम होत नाही, आणि झाड कोवळं असेल तर फुलोरा येतच नाही किंवा खुरटा येतो. हे कुंडीतल्या एकाच झाडावर करा, सगळ्या गठ्ठ्यावर नको. कारण फुललेलं झाड त्यानंतर नवीन पानं धरत नाही. पिल्लं देतं आणि हळूहळू संपतं.

तिसरं साधन, नोंदवह्या. ब्रोमेलियाड सोसायटी इंटरनॅशनल ही संस्था १९५० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष मलफर्ड फॉस्टर हे फ्लोरिडातले संग्राहक. ब्राझीलच्या जंगलांतून त्यांनी कित्येक जाती आणल्या. ब्रोमेलियाडच्या वाणांची अधिकृत आंतरराष्ट्रीय नोंद ठेवण्याचं काम याच संस्थेकडे आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर सभासद नसतानाही मोफत बघता येते. जाता जाता, आपल्याकडे याच आद्याक्षरांची (बीएसआय) संस्था म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षण, स्थापना १८९०, पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात. ती भारतातल्या वनस्पतींचं काम बघते. बागेतला परदेशी संकर घेऊन तिथे जाऊ नये.

नोंदवहीतल्या प्रत्येक नोंदीत वाणाचं नाव, कुणी तयार केला, आई-बाप कोण, थोडं वर्णन आणि असला तर फोटो. आई-बाप लिहिताना बियांची आई आधी, परागाचा बाप नंतर. नाव एकेरी अवतरणात. दोन प्रजातींचा संकर असेल तर नावाआधी गुणाकाराचं चिन्ह, जसं ×निओफायटम म्हणजे निओरेगेलिया आणि ऑर्थोफायटमचा संकर, ×क्रिप्टबर्गिया म्हणजे क्रिप्टँथस आणि बिलबर्गियाचा.

या नोंदवहीचा खरा उपयोग नावावरून झाडाकडे जाण्याचा आहे, झाडावरून नावाकडे येण्याचा नाही. नर्सरीने ‘हालेलुया’ असं लेबल लावून बिलबर्गिया दिलं, तर नोंदवही उघडून खात्री करता येते: जांभळट लाल पानं, पांढरे ठिपके, हे जुळतंय का. जुळत नसेल तर लेबल चुकलंय. उलट दिशेने मात्र ती चालत नाही. ठिपक्यांचं लाल बिलबर्गिया घेऊन नोंदवहीत फोटो चाळत बसलात, तर वीस नावं जुळतील. एकाच आई-बापाच्या बियांतून उगवलेली भावंडं वेगवेगळी दिसतात आणि वेगवेगळ्या आई-बापांची पोरं एकसारखी. म्हणून रूप जुळलं एवढ्यावर नाव द्यायचं नाही, हा या छंदातला जुना आणि योग्य दंडक आहे. चुकीच्या नावाचं एक पिल्लू वाटलं की ती चूक दहा बागांत जाते आणि मग कुणालाच निस्तरता येत नाही.

याला एक सवलत आहे. वाणाची खूण पानातच असेल आणि ती दुसऱ्या कुणात नसेल, तर नाव बऱ्याच खात्रीने देता येतं. आपल्या पिरॅमिडॅलिसच्या पानांना कडेने पांढऱ्या पट्ट्या असत्या, तर ‘क्योतो’ हे नाव पुढे करता आलं असतं. तरीही लेबलावर ‘बहुधा’ लिहावं.

नोंदवहीला जोडून आणखी दोन ठिकाणं पाहावीत. फ्लोरिडातल्या ब्रोमेलियाड मंडळांच्या परिषदेचा फोटोसंग्रह जाती आणि संकर दोन्हींसाठी मोठा आहे आणि प्रजातीनुसार लावलेला आहे. फोटो उत्पादकांनी आणि हौशी मंडळींनी दिलेले आहेत, म्हणून एकाच नावाचे तीन-चार फोटो एकमेकांशी ताडून बघा, एकावर विसंबू नका. उट्रेख्त विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाशी जोडलेला ब्रोमेलियाड ज्ञानकोश हा रानटी जातींसाठी माझ्या मते सगळ्यात उत्तम. तिथे जातींची शास्त्रीय वर्णनं मिळतात. पाकळी किती मिलिमीटर, निदल किती जुळलेलं, अशी मापं असतात. तुमच्या काळ्या कागदावरची मापं ताडून बघायची ती इथे. एक्मिया गॅमोसेपालाचं वर्णन वाचताना कळतं की नावातच खूण आहे, गॅमोसेपाला म्हणजे जुळलेली निदलं.

नावं बदलतात हेही ध्यानात ठेवा, नाहीतर तिन्ही साधनं एकमेकांशी भांडताहेत असं वाटेल. तलवारीसारख्या फुलोऱ्याचं व्रीसिया स्प्लेंडेन्स २०१६ मध्ये लुथेरिया प्रजातीत गेलं. गुलाबी चपट्या फुलोऱ्याचं आणि निळ्या फुलांचं टिलँडसिया सायनिया वॉलिसिया सायनिया झालं. नर्सरीत जुनंच नाव चालतं. एका अ‍ॅपने व्रीसिया आणि दुसऱ्याने लुथेरिया सांगितलं, तर दोघांचंही उत्तर एकच आहे.

नोंदवह्यांना चार. अर्धा गुण कापला तो जुन्या नोंदींत फोटो नसतात म्हणून, उरलेला अर्धा फोटोंसोबत मोजपट्टी क्वचितच असते म्हणून.

जाणकाराला फोटो पाठवून विचारायचं असेल, तर तयारी नीट करा. अपुऱ्या फोटोंवर कुणीही ठाम उत्तर देणार नाही. झाड बाजूने, शेजारी फूटपट्टी. झाड वरून. पानाची कड जवळून. पानाची खालची बाजू. फुलोरा बाजूने. एक सुटं फूल. तेच फूल उघडलेलं, पट्टीसह. पिल्लं कुठून फुटतात तो बुंधा, कारण काही जातींत ती आईला चिकटून येतात आणि काहींत लांब धावत्या खोडावर. सोबत एवढं लिहा: पानं किती, सगळ्यात लांब पान किती सेंटिमीटर, मधोमध रुंदी किती, ऊन किती तास, फुलोरा कोणत्या तारखेला दिसला आणि किती दिवस टिकला. शेवटची नोंद बरेच जण विसरतात, पण ती निर्णायक ठरू शकते. एक्मिया फॅसिएटाचा गुलाबी फुलोरा महिनोन्महिने टिकतो, पिरॅमिडॅलिसचा आठवडा-दीड आठवडा.

नाव कळलं की निगाही कळते. पेल्याचं झाड असेल तर पेला भरलेला ठेवा, पण पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून बदला. नाहीतर त्यात डासांची अळी होते, आणि पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त. बोअरचं जड पाणी पेल्यात आटलं की पानांवर पांढरा थर बसतो, शक्य तर पावसाचं वापरा. क्रिप्टँथसला पेला नसतो, त्याला मातीत पाणी लागतं. पिल्लं आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, शक्य तर निम्मी झाल्याशिवाय तोडू नका. आणि कोकणात, गोव्यात ज्यांच्याकडे ब्रोमेलियाड सुपारीखाली लावलेले आहेत त्यांनी एक गोष्ट नक्की करावी. कोळे रोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायच्या दिवशी खालची ब्रोमेलियाड ताडपत्रीने झाका किंवा हलवा. बोर्डोत मोरचूद असतो, म्हणजे तांबं, आणि तांबं या कुळाला विषासारखं आहे. पेल्यात थेंब साचले की आतली कोवळी पानं कुजून झाड मरतं, आणि मालकाला वाटतं पावसाने गेलं.

आपल्या गठ्ठ्याचं लेबल आता लिहिता येईल: ‘बिलबर्गिया पिरॅमिडॅलिस, फुलावरून ओळख, वाण अज्ञात’, खाली तारीख. पेन्सिलने लिहा, शाई दोन पावसाळ्यांत जाते. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची घ्या आणि ती बांधायला तांब्याची तार वापरू नका.